बनुकाकूच्या बाटल्या

आमच्या बनुकाकूच्या घरी पाहुणा आला की त्याला पाणी मिळायला वेळ लागायचा. घरात पाणी नसायचं असं नाही. पण ते उकळलेलं, गाळलेलं आणि निवलेलं असल्याशिवाय ती कुणाच्या हातात तांब्या द्यायची नाही, आणि तहानेनं जीव चाललेला माणूससुद्धा तिच्या ओट्यावर ताटकळत बसायचा. धामणमाळ हे आमचं गाव माण तालुक्यातलं. इथं पाणी मिळालं हेच पुष्कळ, ते कसलं आहे हे विचारायची पद्धत नाही. त्यामुळं गावानं तिची यथेच्छ टिंगल केली. मी तिची पुतणी, शेजारच्याच घरात राहणारी आणि गावात बालवाडी चालवणारी. मीही टिंगलीत मागं नव्हते.

हे वेड तिनं माहेरून आणलेलं नव्हतं. तिचा नवरा हंबीरराव, म्हणजे आमचे नाना, फौजेत हवालदार होते. लग्नानंतर थोडे दिवस काकू त्यांच्याबरोबर उत्तरेकडच्या एका छावणीत क्वार्टरमध्ये राहिली. तिथं एकदा कुणा साहेबाची बायको क्वार्टर बघायला आली. तिनं काकूच्या हंड्यात हात घातला, तळाचा गाळ बोटावर घेतला आणि बरोबरच्या बायकांना दाखवला. बोलली काही नाही, नुसता दाखवला. काकूनं हे मला आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही भांडी घासताना, माझ्याकडं पाठ करून. बाईचं नाव ती विसरली होती, पण नखांचा रंग तिच्या ध्यानात होता. तेव्हापासून पाण्यात एखादा कण दिसला तरी तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तर आता गावचं भांडण सांगते. रोजगार हमीच्या कामावर गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव झाला होता. त्याच्या काठाला दगडाबाईचं रान. दगडाबाई आणि काकू एकाच माहेरच्या, वडूजकडच्या, आणि एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या. काकूला ‘बने’ म्हणणारी दुनियेत तीच एक उरली होती, आणि तिला ‘दगडे’ म्हणणारी काकू. दगडाबाईचा नवरा मुंबईच्या बंदरात हमाली करायचा. रान ती एकटी बघायची. तिनं तलावावर एक लहानसं ऑइल इंजिन बसवलं आणि त्या खडकाळ रानात डाळिंबं लावली. आमच्या भागात तेव्हा डाळिंबाचं वारं शिरलं होतं. दगडाबाईची झाडं कमरेपर्यंत आली होती आणि पहिला बहार धरायच्या बेतात होती.

तिचं इंजिन सुरू झालं आणि खाली गावची पिण्याची विहीर उन्हाळ्यात आटली. विहीर त्याआधीही दर उन्हाळ्यात आटायचीच, पण आता दोष द्यायला इंजिन मिळालं. तलावाचं पाणी जमिनीखालून विहिरीत येतं आणि ही बाई ते वरच्या वर उपसते, असं सरपंच उदयसिंह म्हणाला, नाना म्हणाले, मग ज्याला त्याला तसंच वाटू लागलं. दगडाबाई म्हणायची, विहिरीचा झरा डोंगराकडनं येतो, तलावाचा त्याच्याशी काही संबंध नाही. खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि शपथा घ्यायला मात्र दोन्ही बाजू तयार होत्या. प्रकरण तालुक्याला गेलं. तिथल्या साहेबांनी एवढं शहाणपण केलं की आधी पाण्याचा माग काढू म्हणाले, आणि त्यासाठी सांगलीच्या एका कॉलेजातली ज्ञानदा आमच्याकडं आली. ही गोष्ट पंच्याण्णवच्या दिवाळीनंतरची.

ज्ञानदा तिशीच्या आतली, बारकीशी, चष्मा लावणारी. विट्यावरून एस.टी. बदलत येताना उन्हानं लाल झालेली असायची. विहिरीच्या कठड्यावर बसून तिनं आम्हाला समजावलं. पाणी दिसायला सगळं एकच, पण त्यात कणभर जड पाणी मिसळलेलं असतं. शास्त्रात त्या जड-हलक्या भावंडांना समस्थानिकं म्हणतात. तलाव उन्हात उघडा पडलेला असतो, त्यातलं हलकं पाणी आधी वाफ होऊन जातं आणि जड मागं राहतं. अशी तलावाच्या पाण्यावर एक खूण उमटते. डोंगरातून जमिनीखालून येणाऱ्या पाण्याला ऊन लागलेलं नसतं, त्याच्यावर ती खूण नसते. तेव्हा विहिरीच्या पाण्यात खूण सापडली, तर तलाव विहिरीत मिसळतोय. नाही सापडली, तर दगडाबाईचं इंजिन निर्दोष. मुंबईच्या प्रयोगशाळेतलं यंत्र तेवढा फरक ओळखतं.

तिनं सगळं नीट सांगितलं. बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, झाकण घट्ट लावायचं, वर चिकटपट्टी. उन्हाबद्दल ती बोलली, चुलीबद्दल बोलली नाही, आणि का बोलावं? विहिरीचं पाणी बाटलीत जायच्या आधी कुणाच्या चुलीवर जाईल हे सांगलीत बसून कुणाच्या डोक्यात येणार?

दर महिन्याला विहिरीची बाटली कोण भरणार, असं विचारल्यावर सगळ्या गावानं बनुकाकूचं नाव घेतलं. एवढे दिवस जिची टिंगल केली तीच एकदम गावाची शान झाली. दगडाबाईसुद्धा म्हणाली, बनी भरणार असेल तर माझी काही हरकत नाही. तलावाची बाटली दगडाबाईकडं आली. ती काठावर बसून बाटली पाण्यात बुडवायची आणि शेवाळाच्या तंतूसकट वर काढायची. काकू त्या बाटलीकडं बघून नाक मुरडायची.

काकूच्या बाटलीचं काय सांगावं. आधी ती राखेनं घासली जायची. मग विहिरीचं पाणी पातेल्यात घालून चुलीच्या वैलावर, म्हणजे मोठ्या जाळाच्या बाजूच्या तोंडावर ठेवलं जायचं. भाकरी, कालवण, न्हाणीचं पाणी सगळं होईपर्यंत ते तिथं रटरटत असायचं. मग नानांच्या जुन्या धोतराच्या चौपदरी घडीतून गाळायचं, परातीत निववायचं, आणि मग बाटलीत. बुडबुडा एक नाही, चिकटपट्टी सरळ. यात कुणाला काही वावगं दिसण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तिच्या घरात पाणी म्हणजे तेच. कच्च्या पाण्याला ती पाणी म्हणतच नव्हती. आणि बाटलीवर ज्ञानदाच्या अक्षरात तिचं नाव असायचं. कबुतराची पिसं पडणाऱ्या विहिरीचं गढूळ पाणी आपल्या नावानं मुंबईच्या साहेबांपुढं जाणार, तिथं कुणीतरी बोट घालून बघणार, ही कल्पनाच तिला सहन होणारी नव्हती.

तालुक्याहून घाई सुरू झाली. सगळ्या बाटल्या तपासून व्हायच्या आधीच ज्ञानदाला सुरुवातीच्या महिन्यांवरून तात्पुरता निष्कर्ष द्यावा लागला, आणि तो असा होता की विहिरीच्या पाण्यावर तलावाची खूण चांगलीच दिसते. शहाण्णवच्या डिसेंबरात दगडाबाईच्या इंजिनाला सील लागलं. गाव जिंकल्यासारखं वागलं. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन झाल्यावर उदयसिंहानं काकूचा नारळ आणि खण देऊन सत्कार केला. विज्ञानाला हातभार लावणारी आमच्या गावची माउली, असं काहीतरी तो बोलला. नाना फौजी ताठ्यात उभे होते. काकू मान वर करत नव्हती, पण पदराआड हसत होती. तिला आयुष्यात कुणी चारचौघांत स्वच्छ म्हटलं ते तेव्हाच.

त्याच दिवशी दुपारी दगडाबाई काकूच्या ओट्यावर आली. मी तिथंच शेंगा निवडत होते. मला वाटलं भांडायला आली असेल. पण ती खाली बसली आणि म्हणाली, “बने, दुसऱ्या कुनी पानी भरलं आस्तं तर मी भांडले आस्ते. पर तू भरलंस म्हंजी खरंच आसंल. गावाच्या तोंडचं पानी प्याले गं मी, मला कळलंबी न्हाई.”

आणि ती खरोखरच घरोघर जाऊन माफी मागून आली. ज्यांनी तिला पाणीचोर म्हटलं होतं त्यांच्या दारात उभी राहून चुकलं म्हणाली. लोकांनीही मोठ्या मनानं माफ केल्याचा आव आणला. मला तेव्हाच राग आला होता, पण कशाचा ते कळत नव्हतं.

डाळिंबाला कळ्या लागल्या होत्या, त्या गळाल्या. दगडाबाई डोक्यावरून घागरी नेऊन झाडांना घालायला लागली, पण तलावातून नव्हे. तिला तलावाला हात लावायचीही लाज वाटत होती. डोंगराच्या कपारीत एक ओल होती, तिथून वाटीवाटीनं घागर भरायची. दुसऱ्या बाजूला इंजिन बंद असूनही गावची विहीर चैत्रात नेहमीसारखी तळाला गेली. एका वर्षात काय फरक पडणार, असं नाना म्हणाले आणि टँकरची वाट बघत बसले.

चैत्रातच ज्ञानदा पुन्हा आली. राहिलेल्या बाटल्यांचे आकडे आले होते आणि तिची झोप उडाली होती. एका महिन्याचं विहिरीचं पाणी चक्क तलावापेक्षा जड निघालं होतं. तलावाचं पाणी मिसळून ते तलावाहून जड कसं होईल? दुधात पाणी घालून दूध दाट होत नाही, असं तीच म्हणाली. तो महिना कोणता म्हणून मी आठवलं, तर गावात हगवणीची साथ होती तो. काकूनं तेव्हा पाणी जरा जास्तच वेळ वैलावर ठेवलं असणार, पण हे आम्हाला अजून सुचलेलं नव्हतं. ज्ञानदा काकूला एवढंच म्हणाली, की तुम्ही बाटली कशी भरता ते मला एकदा बघू द्या.

काकूला आनंद झाला. तिनं विहिरीवरून घागर आणली, पातेलं घासलं, पाणी ओतलं आणि वैलावर ठेवून खाली जाळ सारला. ज्ञानदा उंबऱ्यात बसली होती. तिला वाटलं चहा ठेवलाय. काकूनं धोतराची घडी काढली, परात मांडली, आणि ज्ञानदानं विचारलं, “काकू, हे पाणी कशासाठी तापवताय?”

“बाटलीत भराया,” काकू म्हणाली. “दर येळी आसंच तापवून, गाळून भरते. घान पानी कसं द्यायचं तुमास्नी?”

ज्ञानदानं चष्मा काढला आणि पदरानं पुसत राहिली. मग तिनं पातेल्यावरच्या वाफेकडं बोट केलं आणि हळू आवाजात समजावलं, की ऊन तलावाचं जे करतं तेच चूल या पाण्याचं करते. हलकं वाफेनं निघून गेलं, जड मागं राहिलं, आणि आम्हाला वाटलं तलाव विहिरीत आला. चूक माझी आहे, मी सांगायला हवं होतं, एकदा तरी बाटली भरताना बघायला हवं होतं, असं ती दोनदा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण काकूचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. काकू पातेल्याकडं बघत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू काळाठिक्कर पडला. पाणी उकळून आटत चाललं होतं तरी तिनं ते उतरवलं नाही. शेवटी मी उठून उतरवलं.

तिनं एकच प्रश्न केला. “मंग दगडीचं इंजिन?”

ज्ञानदा म्हणाली की नवं कच्चं पाणी नेते, पुन्हा तपासायला पाठवते, आधीचा निष्कर्ष मागं घ्यावा असं तालुक्याला आजच कळवते. कुणाच्या हातून चूक झाली हे कुठंही लिहिणार नाही. ती बोलली तसं तिनं केलंही. पण तालुक्यानं नवे आकडे आल्यावर बघू असं उत्तर दिलं, आणि आकडे यायला पावसाळा उलटणार होता. झाडं तोवर टिकणार नव्हती. सील आत्ता निघायचं तर गावानं हरकत मागं घ्यायला हवी होती, आणि बाटलीबाबत गाव ऐकेल असं माणूस एकच होतं.

नानांनी तिला बजावलं. “गप ऱ्हा. सत्कार झाल्याला हाय तुजा. आख्खा तालुका हसंल आपल्याला.” नाना वाईट माणूस नव्हते, पण लोकांच्या हसण्याला ते गोळीपेक्षा जास्त भ्यायचे. काकूही भ्यायची. त्या आठवड्यात ती घराबाहेर पडली नाही. पाण्याला मी जात होते. दगडाबाई घागर घेऊन समोरून जायची तेव्हा काकू आत जाऊन दाराआड उभी राहायची, आणि ती दिसेनाशी झाली की बाहेर यायची. एकदा मी तिला म्हटलं, अगं, तू मुद्दाम थोडंच केलंस? ती म्हणाली, “मुद्दाम न्हाई कसं? मला चांगलं दिसायचं व्हतं.”

टँकरच्या विषयावर मारुतीच्या देवळात ग्रामसभा भरली. बायका मागं, खांबाच्या पलीकडं. आमच्याकडं बायका सभेला ऐकायला जातात. काकू उठून उभी राहिली तेव्हा लोकांना वाटलं ती घरी निघाली. ती पुढं आली, पदर दोन्ही हातांनी धरला, आणि सगळं सांगून टाकलं. पाणी कच्चं भरायचं होतं, मी उकळून भरलं, उकळल्यामुळं ते तलावासारखं झालं, विहिरीत तलावाचं पाणी आहे की नाही कुणालाच अजून माहीत नाही, दगडाबाईचं इंजिन सोडा. तिचा आवाज इतका थरथरत होता की मधले काही शब्द पुढच्या लोकांनी मागच्यांना सांगितले.

मग उदयसिंह हसला. वाईट हसला नाही, लहान पोराच्या पाठीवर थाप मारावी तसा हसला. म्हणाला, काकू, पाणी उकळल्यानं कधी पाणी बदलतं काय? मैत्रिणीचं रान वाळतंय म्हणून तुमचा जीव तुटतो हे आम्हाला कळतं. पण त्यासाठी स्वतःच्या नावाला काळं फासून घेऊ नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. नाना मान खाली घालून बसले होते. मी उठून म्हटलं की मी स्वतः पाहिलंय, ज्ञानदाबाई तसंच म्हणाल्या, तर कुणीतरी म्हणालं, ही तिचीच पुतणी. माणसाला खोटं ठरवण्यासाठी गावाला पुरावा लागत नाही, आणि त्या दिवशी गाव तिला कौतुकानं खोटं ठरवत होतं.

तेवढ्यात मागून दगडाबाई उठली. ती काकूपाशी आली आणि सभेकडं तोंड करून म्हणाली, “बनी खोटं बोलतीया. माज्यासाटनं बोलतीया. तिच्या हातनं कवा घान झाली न्हाई, कवा हुयाची न्हाई. मला इंजिन नगं.”

आणि सगळ्या सभेदेखत ती वाकली आणि काकूच्या पाया पडली. काकू पाय मागं घेत होती आणि दगडाबाई ते सोडत नव्हती. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. असली मैत्री आता कुठं बघायला मिळते, असं मागं कुणीतरी म्हणत होतं.

नवे आकडे भाद्रपदात आले. विहिरीच्या कच्च्या पाण्यावर तलावाची खूण नव्हती. विहिरीचं पाणी डोंगराचंच होतं. सील निघालं. उदयसिंह त्या दिवशी फलटणला गेला होता, आणि नाना कुणी विचारलं की शास्त्र बदलत असतं म्हणायचे. डाळिंबाच्या झाडांपैकी बांधालगतची थोडी जगली होती, बाकीची ज्येष्ठातच वाळून काटक्या झाली होती.

काकू एकटी तिकडं गेली. दगडाबाई वाळकी खोडं उपटून बांधावर रचत होती. काय झालं ते काकूनं मला घरी आल्यावर सांगितलं, चुलीपुढं बसून, चूल न पेटवता. तिनं दगडाबाईला म्हटलं होतं की मी तुझं वाटोळं केलं, मला बोल, काय वाटेल ते बोल. दगडाबाईनं हातातलं खोड खाली ठेवलं, कपाळावरचा घाम पुसला आणि उलट हिचेच हात धरले. म्हणाली, तू सभेत खरं बोलत होतीस आणि मीच तुला समद्यांदेखत खोटं पाडलं, बने, मला माफ कर. मग ती पुन्हा कामाला लागली. काकू तिथं उभी राहिली, उभी राहिली आणि शेवटी परत आली.

मी जेवायचं ताट वाढलं. तिनं ते बाजूला सारलं.

“तिनं चार शिव्या घातल्या आस्त्या,” काकू म्हणाली, “तर घास उतरला आस्ता.”